साक्षीदाराची भाजी

सांगते, पण आधी एक कबूल करा. हसायचं ते इथंच, माझ्या तोंडावर हसायचं. माघारी हसणारे आमच्या तालुक्यात आधीच पुष्कळ झालेत, त्यात तुमची भर नको. चहा ओतलाय, साखर कमी वाटली तर मागून घ्या, आणि ऐका, की एका नव्या नवरीनं सासरी आल्याआल्या सासऱ्यांची अब्रू कशी शिजवून, फोडणी देऊन भाकरीबरोबर गावभर वाढली.

शिजवून म्हणजे खरोखर शिजवून हं. लसूण घालून.

माझं माहेर उमरग्याकडचं. लग्न होऊन आले ती सीमेपलीकडं, कर्नाटकातल्या मंठाळच्या अलीकडच्या गावात. नवरा, महेश, बसवकल्याणला शाळेत शिकवतो. सकाळच्या बसनं जातो, दिवेलागणीच्या बसनं येतो. दिवसभर घरात आम्ही तिघं: मी, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. म्हणजे म्हणायचं असं ठरलं होतं. प्रत्यक्षात मामांना मी काहीच म्हणत नव्हते, कारण आमच्यात नवी सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही. मामा ओसरीवर, मी स्वयंपाकघरात, आणि मधे उंबऱ्यावर आत्या. टपालखातंच म्हणा ना!

"चहा झाला का इचार तिला," मामा म्हणणार. मला स्वच्छ ऐकू आलेलं असतं.

"मामा इचारायलेत, चहा झाला का?" आत्या माझ्याकडं वळून.

"झालाय म्हणा." हे मामांनी ऐकलेलं असतं.

"झालाय म्हणायलीय," आत्या ओसरीकडं वळून.

मी मुळातच कमी बोलणारी. मला ही पद्धत फार आवडली. न बोलता अख्खं लग्न निभावून जाईल, असं वाटत होतं. पुढं काय वाढून ठेवलंय, ते कुठं ठाऊक होतं?

तर मामा. शरणप्पा त्यांचं नाव. जुने ग्रामसेवक. आता ग्रामसेवक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं पंचायतीतले दाखले येतात. मामा त्यातले नव्हेत, ते शेतीकडचे. सायकलच्या कॅरिअरला फवारणीचा पंप बांधून गावोगाव फिरायचं आणि नवं बी, नवं खत, नवी रीत शेतकऱ्याच्या गळी उतरवायची, ही त्यांची नोकरी. कागद कानडीतून यायचे, शेतकऱ्याला मराठीतून सांगायचे, आणि बाजारपेठेत कुणी भेटलाच तर दखनीतून. तीन भाषांत सांगायचं आणि तिन्ही भाषांत 'बघू' हे एकच उत्तर ऐकायचं.

मामांच्या आधीच्या ग्रामसेवकांनी तर याहून कठीण दिवस काढलेले. पहिल्यांदा खताची पोती आली तेव्हा शेतकऱ्यांनी खत बांधावर ओतलं आणि पोती घरी नेली. खताचा परिणाम पिकावर काय झाला ते कुणालाच ठाऊक नाही, पण त्या पोत्यांच्या उशांवर एक पिढी छान झोपली.

मामांच्या काळात ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जायचं, असा नियम निघाला. अमक्या गावाला गुरुवार म्हणजे गुरुवारच. शेतकऱ्यांची फार सोय झाली. गुरुवार आला की गाव सोयरिकीला निघून जायचं! मामा पारावर बसून म्हाताऱ्यांना आणि म्हशींना बीजप्रक्रिया सांगून परत यायचे.

आणि ह्या सगळ्या खटाटोपात मामांचा जीव कशात? तर प्रात्यक्षिकात. एका रानाचे दोन पट्टे पाडायचे. एका पट्ट्यात नवी रीत, दुसरा जुन्या पद्धतीनं जसाच्या तसा ठेवायचा. मग पीक आलं की गाव बोलवायचं आणि म्हणायचं, बघा बाबांनो, फरक बघा! त्या जसाच्या तसा ठेवलेल्या पट्ट्याला मामा 'साक्षीदार' म्हणतात. साक्षीदाराला काही द्यायचं नाही, साक्षीदाराचं काही घ्यायचं नाही. तो जितका केविलवाणा तितकी साक्ष पक्की.

पण मामांचा एकही साक्षीदार आजवर टिकला नाही. एका गावी शेळ्या शिरल्या. एका गावी रान ज्याचं त्यालाच दया आली. "एक लेकरू जेवायलंय अन् एक उपाशी बघायलंय, मला बघवंना साहेब," म्हणून त्यानं साक्षीदाराला गुपचूप खत घातलं. आणखी एका गावी फरक चांगला ढळढळीत दिसला, तर लोक म्हणाले, साहेब त्या बाजूला सायकल टेकवतेत, तिथली जमीनच भाग्याची. मामा निवृत्त झाले, हार पडला, शाल मिळाली, पण पुऱ्या नोकरीत एक प्रात्यक्षिक धड तडीला गेलं नाही, ही सल राहिलीच.

ध्यानात ठेवा हं हे. हे सगळं तुम्हाला आत्ता ठाऊक आहे. मला तेव्हा यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

मी नवी होते त्याच हंगामात कृषी केंद्रातल्या मॅडम घरी आल्या. मामांच्या स्वतःच्या रानात हरभऱ्याचं प्रात्यक्षिक घेऊ म्हणाल्या. मामांचा चेहरा असा उजळला की काय सांगू, महेशच्या लग्नातही एवढा उजळला नव्हता. मी फोटो पाहिलेत.

आणि नेमके त्याच वेळी चहाला होते शेजारच्या रानाचे बंडप्पा अण्णा. मामांचे बालमित्र. बालपणापासून मामा जे सांगतील त्याच्या उलट करायचं, हा त्यांचा नेम.

"काय परयोग म्हणायचा ह्यो?" अण्णांनी विचारलं.

"हरभऱ्याचं शेंडं खुडायचं. फुलावर यायच्या आदी. शेंडा खुडला की फुटवं वाढत्यात, फुटवं वाढलं की घाटं वाढत्यात."

"म्हंजे बायका भाजीला खुडून नेत्यात, तसं?"

"तसंच, पण येळेवर अन् सारकं."

"येडा झालास का शरणप्पा!" अण्णांनी बशी खाली ठेवली. "भाजी नेली की घाटं कमी लागत्यात, माझा बाप सांगून गेलाय. म्हणून तर गोफण घेऊन बसायलाव मी रानात! अन् तू म्हणायलास, खुडू द्या?"

तुम्ही शहरातले असाल म्हणून सांगते, घाटे म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा. आणि थंडी पडली की आमच्याकडं हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी घरोघर होते. बायका येताजाता कुणाच्याही रानातून खुडतात आणि रानाचा मालक बांधावरून ओरडतो. हे दोन्ही रिवाजच आहेत. ओरडला नाही तर मालक आजारी आहे का, म्हणून विचारपूस होते.

"पैज लाव," मामा म्हणाले.

"लावली! फरक दिसला तर माझ्या आख्ख्या रानात बायकांना मोकळं सोडतो. गोफण खुंटीला! पण न्हाई दिसला, तर शरणप्पा, तू ह्या गावात पुन्ना कुणाला सल्ला द्यायचा न्हाई. पिकाचा न्हाई, पान्याचा न्हाई, सर्दी-पडशाचा बी न्हाई."

मामा म्हणाले, "कबूल."

आत आत्यांच्या हातातला चमचा गळला. "आगं बाई," त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, "जेवायला न्हाई दिलं तर राहतेल हे, पण सल्ला न देता कसं जगतेल? अन् मंग दिसभर घरात मलाच सल्ला की गं!"

रान दोन पट्ट्यांत वाटलं गेलं. मॅडमनी बायका आणून एक पट्टा नीट खुडून घेतला, त्याच्या कडेला भलीमोठी पाटी रोवली. दुसरा पट्टा तसाच ठेवला. त्याला ना पाटी, ना झेंडी. आणि त्याच आठवड्यात कलबुर्गीहून मामांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. मोतीबिंदू. ऑपरेशन झालं, काळा चष्मा लागला, आणि डॉक्टरांनी बजावलं की धुळीत जायचं नाही, रानात तर मुळीच नाही.

मग रानावर रोज नजर कोण टाकणार? मीच की!

"तिला म्हणावं," मामांनी ओसरीवरून डाक टाकली, "रानात परयोग चालू हाय. जपून."

"मामा म्हणायलेत, जपून," आत्यांनी डाक पोचवली आणि स्वतःची चिठ्ठी जोडली, "पाटीच्या पट्ट्याला हात लावू नगं बरं का. सरकारी हाय त्ये. भाजी आणायची तर पलीकडची आण."

आता सांगा, मी काय समजायचं? एकीकडं पाटी लावलेला, नावाजलेला पट्टा. दुसरीकडं बिनपाटीचा. जपायचं कुणाला? ज्याला पाटी त्यालाच ना! मला नुसतं विचारायचं होतं, "मामा, नेमकं काय जपू?" एवढंच. पण नव्या सुनेनं विचारायचं कसं? आणि खरं सांगू, न विचारता कळल्यासारखी मान हलवणं मला फार छान जमायचं. त्या मानेनंच बुडवलं.

इकडं घरात माझी अवस्था काही बरी नव्हती. माझी भाकरी तव्यावर जाताना एक असायची, उतरताना दोन. आमटी केली तर आत्या म्हणायच्या, "छान झालीय, जरा डाळ दिसली असती तर अजून छान झाली असती." मामा काहीच म्हणायचे नाहीत, नुसते पाणी मागायचे. पुन्हा पुन्हा.

मग एका सकाळी मी बिनपाटीच्या पट्ट्यातून ओटीभर कोवळे शेंडे खुडून आणले. हाताला आंबूस चिकटा, हिरव्या चुड्यावर दव, काय प्रसन्न वाटलं! अर्ध्याचा घोळणा केला, कच्चाच, कांदा, तेल आणि शेंगाचटणी घालून. अर्ध्याची भाजी, ठेचलेला लसूण आणि थोडं ज्वारीचं पीठ लावून.

मामांनी पहिला घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग ओसरीवरून आवाज आला, "इचार तिला, अजून हाय का."

आत्यांनी डाक पोचवायच्या आत मी वाढायला धावले होते! भाजी कुठल्या रानातली, हे काही मामांनी विचारलं नाही; थंडीत ती कुणाच्याही रानातून येते.

झालं. त्या दिवसापासून मी हरभऱ्याच्या भाजीची महाराणी झाले. महेशच्या शाळेतल्या शिक्षकांना डबा गेला. आत्यांच्या बहिणीला गेला. उमरग्याला आईकडं वाळवून पिशवीभर पाला पाठवला. आणि एक डबा रोज नेमानं बंडप्पा अण्णांकडं जायचा, कारण त्यांची बायको, काशीअक्का, कुंपणावरून म्हणाली होती, "आमच्यांनी सोत्ताच्या रानातलं पान खुडू द्यायचं न्हाई, अन् भाजी तर लई आवडती. दे की गं एक डबा." डबा रिकामा परत यायचा तो पुसून घेतल्यासारखा.

आता माझा स्वभाव ऐका. मी नीटनेटकी मुलगी. एका झाडाचं घेतलं आणि शेजारचं सोडलं, तर रान कसं दिसेल? दाढी अर्धी केल्यासारखं! म्हणून मी ओळीनं खुडायची. एक झाड सोडायची नाही. सगळ्यांचे शेंडे सारखे, वरवरचे, नखानं टचकन. आज इथवर, उद्या तिथून पुढं. फुलं दिसू लागली तेव्हा कुठं थांबले, आणि तोवर अख्खा पट्टा एकसारखा झाला होता. मॅडमनी आणलेल्या बायकांनीही एवढं निगुतीनं खुडलं नसेल.

"रान कसं हाय, इचार," मामा रोज संध्याकाळी.

"छान हाय म्हणा," मी.

मॅडमनी गावाच्या ग्रुपवर फोटो मागितला तर तोही पाठवला. मधोमध पाटी येईल असा. दुसऱ्या पट्ट्याचा कशाला काढायचा? त्यात काय बघायचं होतं?

घाटे भरले आणि शिवारफेरीचा दिवस आला. गावातले झाडून सगळे शेतकरी, मागं बायका, पुढं मॅडम. मी किटली आणि कप घेऊन बांधावर, डोक्यावर पदर, मान खाली. मामा पांढरा शर्ट, काळा चष्मा, चालण्यात अशी ऐट की विचारू नका. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच रानात येत होते.

"मंडळी," मामांनी सुरुवात केली, "ह्यो पाटीचा पट्टा, शेंडं खुडलेला. अन् ह्यो," त्यांनी बिनपाटीच्या पट्ट्याकडं हात केला, "ह्यो आपला साक्षीदार. ह्याला आजपत्तर कुणी बोट बी लावलेलं न्हाई."

किटली माझ्या हातातून पडली नाही, एवढंच. पण चहा कपाऐवजी बांधावर ओतला गेला.

"आता फरक बघा!" मामा म्हणाले.

सगळ्यांनी पाहिलं. मामांनीही पाहिलं. डावीकडं झुबकेदार, घाट्यांनी लगडलेला हरभरा. उजवीकडं झुबकेदार, घाट्यांनी लगडलेला हरभरा.

मामांनी चष्मा काढला. पुसला. लावला. पुन्हा काढला. मग हळूच मॅडमना म्हणाले, "मॅडम, मला दोनी पट्टं एकसारखं दिसायलेत. डॉक्टरनं डोळा बिघडवला का काय?"

"अय्यो!" मॅडम म्हणाल्या. "मलापण तसंच दिसतंय की!"

बंडप्पा अण्णांनी आधी डोक्यावरचा पटका काढला, हवेत उडवला, झेलला, मग बोलायला सुरुवात केली. "खल्लास! बघा मंडळी, बघा! खुडलेला तसा, न खुडलेला बी तसाच! माझा बाप खोटं बोलंल का? शरणप्पा, आजपासून तोंड बंद! पिकाचा सल्ला न्हाई, पान्याचा न्हाई..."

"सर्दी-पडशाचा बी न्हाई," मामा अगदी हळू म्हणाले. बोलायचं म्हणून मुद्दे लिहून आणलेला एक कागद होता त्यांच्याकडं. त्याची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला. वर मान केलीच नाही.

सायकलवर सगळा जन्म काढलेला माणूस असा उभा होता, जशी काही चाकातली हवाच गेलीय.

मला काय झालं कुणास ठाऊक. टपालखातं बांधाच्या पलीकडं बायकांत उभं होतं, तिथवर डाक टाकायला वेळ नव्हता.

"मामा!" मी म्हणाले. मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं की झाडावरचे बगळे उडाले. "मामा, त्ये मी खुडलंय!"

सगळं शिवार माझ्याकडं वळलं. जी सून बोलते की नाही ह्याबद्दल गावात शंका होती, ती अशी बोलली होती.

"काय खुडलं?" मामा. हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य.

"साक्षीदार. समदा. भाजीला. मला वाटलं, पाटीवाला जपायचाय!"

"कसली भाजी?" बंडप्पा अण्णा गरजले. "आता सासऱ्याला वाचवायला सून खोटं बोलायलीय! कुणी बघितलीय भाजी?"

बायकांतून काशीअक्का पुढं आली. कमरेवर हात.

"अवं, कसली भाजी म्हंजे? रोजच्या डब्यातली! बोटं चाटून खाल्लाव की तुमी! अन् डबा परत करताना काय म्हणलाव? 'उद्याच्याला जरा लसूण जास्त घाल म्हण तिला.' म्हणलाव का न्हाई?"

अण्णा पटका डोक्याला उलटाच गुंडाळायला लागले.

मामांनी चष्मा पुन्हा लावला. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा. "बंड्या," ते म्हणाले, "साक्षीदार खाल्लास की रं!"

असं हसू फुटलं म्हणता! मॅडम तर बांधावरच खाली बसल्या. पण अण्णा हार मानतील तर अण्णा कसले?

"हसा, हसा! पर साक्षीदारच न्हाई म्हणल्यावर फरक कशावरून ठरवायलाव? पैज तशीच राहिली!"

मॅडम उठल्या, साडी झटकली आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "अण्णा, तुमचा हरभरा कुठाय?"

"ह्यो काय, बांधाला लागून."

"त्यात कुणी भाजी खुडली का हो?"

"माझ्या रानात?" अण्णांनी छाती फुगवली. "हिंमत हाय का कुणाची! गोफण घेऊन बसलाव मी. शेंडा सोडा, एक पान तुटलं असंल तर नाव बदलीन!"

असं म्हणेपर्यंत मामा बांध ओलांडून पलीकडं पोचलेसुद्धा होते. मागं अख्खं शिवार. अण्णांचा हरभरा उंच, सडपातळ, वर एक शेंडा आणि बाजूला दोन फांद्या, लग्नाच्या फोटोत संकोचून उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखा. मॅडमनी एक झाड इकडचं घेतलं, एक तिकडचं, आणि अण्णांनाच म्हणाल्या, घाटे मोजा. अण्णांनी मोजले. पुन्हा मोजले. मग आकडा सांगायचं सोडून पेरणीवर आले.

"माझी पेरणी उशिरा झाली हुती."

"एकाच दिशी झालीय," मामा म्हणाले. "बी बी माझ्याकडूनच नेलास."

"तिफण येगळी हुती!"

"तिफण बी एकच," काशीअक्का म्हणाली, "अन् दोनीकडं चाड्यावर मूठ धरून बी मीच सोडलं. बोला आता!"

कमरेची गोफण सोडून अण्णांनी माझ्या हातात दिली. "धर पोरी. माझं काम संपलं. पुढच्या पेरणीपासून बायका रानात." आणि जाता जाता थांबून, "डबा मात्र बंद करू नगं."

घरी आलो. आत्या सवयीनं उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, पण मामा सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. "सूनबाई," ते म्हणाले, "पुऱ्या नोकरीत बंड्याला एक गोष्ट पटवता आली न्हाई मला. तू एका डब्यात पटवलीस. पुढच्या साली साक्षीदार तुझ्या ताब्यात."

एवढ्यावर थांबले तर मी शहाणी ठरते. म्हणूनच थांबता येत नाही.

यंदा पुन्हा दोन पट्टे पाडले. खुडायच्या दिवसांत मामांना जुन्या सोबत्यांबरोबर गाणगापूरला जायचं निघालं. निघताना, आता थेट मलाच, म्हणाले, "बाकीचं मॅडम बघतेल. साक्षीदार तेवढा सांभाळ."

सांभाळ? मी शपथच घेतली! हरभऱ्याच्या पानाला हात लावणार नाही. साक्षीदाराच्या कडेनं बोराटीचे काटे लावले, अण्णांची गोफण घेतली, आणि पहाट फुटल्यापासून बांधावर ठाण मांडलं. पदर खोचलेला. आत्या न्याहारी बांधावर आणून द्यायच्या.

एका सकाळी पाहते तर चार-पाच अनोळखी बायका, ओट्या खोचून, काटे बाजूला सारून सरळ साक्षीदारात! "ए! कोण गं त्या?" मी अशी ओरडले म्हणता! गोफण गरगर फिरवली. त्या कानडीत काहीतरी सांगायला लागल्या. मी कशाची ऐकते! अशा पळवल्या की त्यांनी रस्ता गाठेपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. मला स्वतःचा किती अभिमान वाटला! संध्याकाळी महेशलाही गोफण फिरवून दाखवली. तो जरा लांबूनच बघत होता.

मामा परतले ते पिशवी खांद्यावर असतानाच रानात आले. मी आधीच तिथं. काट्यांचं कुंपण दाखवलं. साक्षीदाराचं एकेक पान जागच्या जागी. मामा खूश! मग वळून पाटीच्या पट्ट्याकडं पाहिलं. तिथंही एकेक पान जागच्या जागी, आणि वर फुलंही आलेली.

इतक्यात मामांचा फोन वाजला. मॅडम होत्या. आवाज मला बांधावर ऐकू येत होता. "मामा, पाटीचा पट्टा खुडायला बायका पाठवल्या होत्या हो. पायवाट साक्षीदारातनंच जाते ना. पण तिथं कुणी बाई गोफण घेऊन बसलीय म्हणे, जवळच येऊ देत नाही. कोण आहे ती?"

मामांनी फोन ठेवला. डाव्या पट्ट्याकडं पाहिलं, उजव्या पट्ट्याकडं पाहिलं. चष्मा काढला, पुसला, लावला. मी गोफण पदराआड लपवली.

"सूनबाई," मामा म्हणाले, "मला पुन्ना दोनी पट्टं एकसारखं दिसायलेत. आता दुसऱ्या डोळ्याचं बी आपरेशन करावं म्हंतेस का?"